नडगीवरची लाथ आणि तिच्यामागची पकड

अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी युनेस्कोने २००३ मध्ये केलेल्या करारात भारत २००५ मध्येच सामील झाला. ब्रिटनने त्यावर मान्यतेची मोहोर उठवायला २०२४ साल उजाडू दिले. या करारात आलेल्या देशाला आपल्याकडच्या जिवंत परंपरांची सूची तयार करावी लागते, आणि सूची म्हटली की कशाची नोंद घ्यायची आणि ती कोणत्या शब्दांत घ्यायची, हे वाद ओघाने येतातच. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात चिपिंग कॅम्पडेन या गावाजवळच्या टेकडीवर भरणाऱ्या कॉट्सवोल्ड ऑलिंपिक खेळांत ‘शिन-किकिंग’ नावाची एक लढत होते. दोन माणसे एकमेकांना खांद्यांपाशी धरून एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारतात आणि जो दुसऱ्याला खाली पाडतो तो जिंकतो. वर्षातून एकदा देशोदेशीची वृत्तपत्रे तिचे छायाचित्र छापतात, इंग्रजांच्या विक्षिप्तपणाबद्दल दोन गमतीदार वाक्ये लिहितात आणि विषय संपतो. दुसरीकडे स्वसंरक्षणाचे वर्ग चालवणारे काही जण आणि जुन्या युद्धकलांचे हौशी चाहते हीच गोष्ट विस्मृतीत गेलेली जीवघेणी ब्रिटिश युद्धविद्या म्हणून पुढे करतात. दोन्ही पक्षांची नजर बुटावर खिळलेली आहे. माझे म्हणणे असे, की शिन-किकिंग ही मुळात कुस्ती आहे. तिच्यातली लाथ डावाची वाट मोकळी करते, डाव मात्र हातांनी आणि तोलाने पुरा होतो. तिची नोंद, तिचे शिक्षण आणि तिचे नियम हे सगळे या समजुतीवर उभे राहिले पाहिजेत.

लढत प्रत्यक्षात कशी होते ते आधी पाहिलेले बरे. स्पर्धक मेंढपाळांच्या जुन्या धाटणीचा पांढरा सैल अंगरखा चढवतात आणि पँटच्या पायांत पेंढा कोंबतात. कोणी मूठभर पेंढ्यावर भागवतो, तर कोणी इतका ठासतो की पोटरी खांबासारखी दिसते आणि चालताना घोट्यापाशी काड्या बाहेर डोकावतात. पुढे पोलादी टोपण असलेले बूट चालत नाहीत. दोघे समोरासमोर येतात, हात ताणून एकमेकांच्या खांद्यावरचा किंवा गळ्याजवळचा कपडा मुठीत घट्ट धरतात आणि इशारा मिळताच गोल फिरू लागतात. तीनपैकी दोन वेळा पाडणारा विजयी. पंचाला तिथे स्टिकलर म्हणतात, आणि त्याचे मुख्य काम एकच: नडगीला लाथ लागली की नाही हे पाहणे. लाथ लागलेली नसेल तर नुसते ओढून किंवा ढकलून पाडलेले धरले जात नाही.

वरवर पाहता हा एक किरकोळ नियम वाटतो, पण खेळाचे सारे तंत्र त्याच्यात साठवलेले आहे. फक्त लाथा मोजल्या असत्या तर दोघे जमेल तितके लांब राहून पाय झाडत बसले असते. फक्त पाडणे मोजले असते तर खांदे रेटण्याची सर्वसाधारण झोंबाझोंबी झाली असती आणि बहुतेक वेळा अंगाने थोराड माणूस जिंकला असता. लाथ आणि पाड यांची गाठ बांधल्यामुळे स्पर्धकाला दोन गोष्टी एका दमात करायला शिकावे लागते. लाथेने समोरच्याच्या पायाची व्यवस्था बिघडवायची आणि ती सावरायच्या आत हातांनी त्याचे धड त्या पायाच्या बाहेर काढायचे. ज्यांना नुसती लाथ मारता येते ते या खेळात रडकुंडीला येतात, कारण प्रत्येक लाथेच्या वेळी ते स्वतः एका पायावर उभे असतात आणि समोरचा नेमकी तीच घटका साधतो.

अंगाला अंग भिडलेल्या झुंजीत नडगी हे लक्ष्य का, याचे उत्तर शरीररचनेत आहे. नडगीच्या हाडाची पुढची-आतली बाजू थेट कातडीखाली असते. मध्ये स्नायूचा थरच नाही. हाडावरच्या पातळ आवरणात वेदना वाहून नेणारे मज्जातंतू दाट पसरलेले असतात, म्हणून अंधारात पलंगाच्या कडेला नडगी आपटली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मात्र वेदना हा हिशेबाचा अर्धाच भाग आहे. दोघांचे हात पकडीत अडकले असताना खाली काय चालले आहे हे दिसत नाही, आणि पाहण्यासाठी मान खाली घातली की तोल पुढे जातो. गुडघ्याच्या वर लाथ उचलायची तर कंबर उघडी पडते आणि पाय समोरच्याच्या हाती लागण्याचा धोका असतो. नडगीवरच्या लाथेला मांडी जेमतेम हलवावी लागते, पूर्वसूचना मिळत नाही आणि पाय लगेच जमिनीवर परत येतो. लाथ मारणाऱ्याला एका पायावर उभे राहण्याची जोखीम आहेच, पण त्याच्या मुठीतला समोरच्याचा अंगरखा त्या क्षणापुरता त्याचा आधारही होतो.

खरी करामत वेळ साधण्यात आहे. समोरच्याचे सगळे वजन एका पायावर असताना त्या पायावर लाथ बसली तर दुखते, पण माणूस पडेलच असे नाही. तोच पाय उचलून पुन्हा टेकण्याच्या बेतात असताना लाथ बसली तर तो हवा तिथे टेकतच नाही, आणि त्याच वेळी खांद्याला तिरपा झटका दिला तर सावरायला जागा उरत नाही. जपानी ज्युदोतील ‘देआशी बाराई’ हा डाव याच घटकेवर उभा आहे. तिथे तळपायाने पाय झाडला जातो, इथे बुटाने नडगी ठोकली जाते, एवढाच फरक. आपल्या मातीतल्या कुस्तीत लाथेला स्थान नाही आणि धरायला अंगरखाही नाही, तरी समोरच्याचा तोल हलला त्या क्षणीच टांग लागली पाहिजे, हे वस्तादांचे सांगणे शिन-किकिंगच्या जाणत्याला लगेच पटेल.

आता पेंढ्याविषयी. तो पाहूनच बहुतेकांना हसू येते, आणि खरोखरीच्या झुंजीत कोणी पँटमध्ये पेंढा भरून येत नाही, हा आक्षेपही ठरलेला आहे. हा आक्षेप ज्या कलेवर घ्यावा तिचे तोंड बंद होईल, कारण तलवारबाजीची जाळी, बॉक्सिंगचे हातमोजे आणि ज्युदोची गादी यांपैकी एकही वस्तू रस्त्यावर सापडत नाही. कोणतेही भिडून लढण्याचे तंत्र जिवंत राहते ते, समोरचा माणूस मनापासून विरोध करत असताना ते पुन्हा पुन्हा करून पाहता आले तरच. पेंढा वेदना नाहीशी करत नाही. खेळ रंगला की तो दबतो, सरकतो आणि नडगी उघडी पडते. पण त्याच्यामुळे दोन अनोळखी माणसे एकमेकांना पुऱ्या जोराने लाथ मारू शकतात आणि दुसऱ्या फेरीसाठी उभीही राहू शकतात. आरशासमोर हवेत लाथा मारून ‘घातक’ म्हणवून घेणाऱ्या कित्येक पद्धतींना हे साधलेले नाही.

लाथ आणि पकड यांचे नाते किती खोल जाऊ शकते हे पाहायचे असेल तर कॉट्सवोल्डपेक्षा डेव्हनकडे वळावे लागते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या डेव्हन आणि कॉर्नवॉल या शेजारी परगण्यांत जाड कापडाचा आखूड डगला घालून कुस्ती खेळत. डगला तोच, खाली पाडून पाठ टेकवण्याचे ध्येयही साधारण तेच. मात्र डेव्हनचे पैलवान बूट घालून गुडघ्याखाली लाथा मारत, तर कॉर्नवॉलवाले त्याला हलकेपणा समजत आणि छातीला छाती लावून मिठीत उचलण्यावर भर देत. डेव्हनचे पैलवान बूट बैलाच्या रक्तात भिजवून, विस्तवावर भाजून कडक करत, असे वर्णन आढळते. दोन्ही परगण्यांतले हाडवैर अखेर २३ ऑक्टोबर १८२६ रोजी डेव्हनपोर्टजवळच्या मॉरिस टाउनमध्ये आखाड्यात उतरले. दोन्ही बाजूंनी दोनशे-दोनशे पौंडांची पैज होती आणि प्रेक्षक सतरा हजारांच्या आसपास असल्याचे सांगितले गेले. कॉर्नवॉलचा जेम्स पोलकिंगहॉर्न हा खानावळ-मद्यगृह चालवणारा अवाढव्य माणूस होता. डेव्हनचा एब्राहम कॅन त्याच्यापुढे अगदीच किरकोळ दिसावा असा. कॅनला बुटाने लाथ मारण्याची मुभा होती, पोलकिंगहॉर्नला आपल्या मिठीचा भरवसा होता. पाड ग्राह्य की अग्राह्य यावरून पंचांत तंटा झाला, निकाल लागलाच नाही आणि लढत बरोबरीत सोडावी लागली.

बरोबरीचे खापर कोणावर फोडायचे हा वाद दोन्ही परगण्यांनी नंतर भरपूर चघळला, पण मला त्या लढतीत वेगळेच महत्त्वाचे वाटते. अंगाने एवढ्या फरकाच्या दोन माणसांची कुस्ती सरळ मिठीवर आली असती तर तिचा निकाल आधीच ठरल्यासारखा होता. कॅनच्या लाथेने पोलकिंगहॉर्नला लोळवले नाही. तिने त्याला निर्धास्तपणे पाय रोवून जवळ येऊ दिले नाही. लाथेचे काम अंतर राखण्याचे, पावले बिघडवण्याचे आणि जड माणसाला आपल्या वजनाचा उपयोग करू न देण्याचे होते. पोलकिंगहॉर्नला खाली आणायला कॅनला हातच वापरावे लागले असते, आणि त्या हातांना जी काही संधी मिळाली ती पायांनी मिळवून दिली. तंत्र म्हणून शिन-किकिंगची बाजू मांडायची तर मी याच लढतीचा दाखला देईन.

लँकेशायरचा दाखला मी देणार नाही, जरी जीवघेण्या विद्येचे चाहते सगळ्यात आधी तिथेच धाव घेतात. त्या परगण्यातील गिरणी आणि खाणकामगारांच्या वस्त्यांत लाकडी तळाचे, खाली लोखंडी पट्टी ठोकलेले ‘क्लॉग’ घालत, आणि एकोणिसाव्या शतकात तंटे मिटवण्यासाठी किंवा पैजेसाठी या जोड्यांनी एकमेकांच्या नडग्या फोडण्याचे प्रकार तिथे होत. त्याला ‘पर्रिंग’ म्हणत. ते भीषण होते यात शंका नाही. पण भीषणता आणि तंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोखंड ठोकलेल्या जोड्याने मारलेली लाथ घाव घालते ती लोखंडाच्या जोरावर. तीत मारणाऱ्याचे कसब किती आणि लोहाराचे किती, हे सांगणे अवघड होते. जुने खेळाडू नडग्या घट्ट व्हाव्यात म्हणून त्यांवर हातोडीने ठोकून घेत, ही कथाही याच जातीची. हाड वर्षानुवर्षांच्या भाराने हळूहळू दाट होते हे खरे, पण हातोडीने मुख्यतः सूज येते. अशा कथा खेळाडूंच्या तालमीपेक्षा ऐकणाऱ्यांच्या आवडीबद्दल अधिक सांगतात.

स्वसंरक्षणाच्या बाजारात शिन-किकिंगचे नाव ज्या कारणासाठी घेतले जाते त्यात मात्र थोडे तथ्य आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. सावात या फ्रेंच लाथा-ठोशांच्या खेळात बुटाच्या कडेने नडगीवर मारायची खालची लाथ ही पायाभूत लाथांपैकी एक आहे. शांघायच्या नगरपालिका पोलिसांत घडलेल्या विल्यम फेअरबेर्न यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना जे शिकवले त्यात बुटाची कड गुडघ्याखाली मारून नडगीवरून खरवडत खाली आणायची आणि शेवटी सगळ्या वजनानिशी समोरच्याच्या पायावर आदळायची, ही हालचाल होती. पण फेअरबेर्न यांची लाथ आणि कॉट्सवोल्डची लाथ यांचे हेतू उलट आहेत. कमांडोला सुटायचे आहे किंवा पुढचा घाव घालायला क्षणभराची उसंत हवी आहे. शिन-किकरला धरून ठेवायचे आहे, कारण पकड सुटली तर त्याचा डावच संपला. दोन्ही लाथा एकाच हाडावर बसतात म्हणून त्या एकाच परंपरेतल्या ठरवणे म्हणजे हत्यार पाहून घराणे ओळखण्यासारखे आहे.

शिवाय या बाजारात जे सांगितले जात नाही तेही सांगायला हवे. वेदनेवर विसंबलेले तंत्र समोरच्याला वेदना जाणवण्यावर अवलंबून असते, आणि संतापलेल्या, घाबरलेल्या किंवा प्यायलेल्या माणसाला ती पुष्कळदा उशिरा जाणवते. जाड पँट आणि उंच बूट लाथेचा अर्धा जोर गिळतात. अनवाणी किंवा चपलेतल्या पायाने पूर्ण जोरात नडगी ठोकायला गेले तर मारणाऱ्याचीच बोटे मोडण्याची शक्यता अधिक. कोणी अंगावर धावून आल्यास नडगीवर लाथ मारून पळ काढावा, हा सल्ला वाईट नाही. पण तेवढ्यासाठी कोणत्याही प्राचीन विद्येची गरज नसते आणि तेवढे आले म्हणजे शिन-किकिंग आले असेही होत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर शिन-किकिंगला जीवघेणी म्हणून मिरवणारे तिचे नुकसानच करत आहेत. १८८२ च्या कोनी खटल्यात इंग्रजी न्यायालयाने पैजेच्या मुष्टियुद्धांना, दोघांची संमती असली तरी, बेकायदा ठरवले. १९८१ मध्ये अपील न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की एकमेकांना इजा करण्याच्या हेतूने झालेल्या मारामारीत संमती हा बचाव होऊ शकत नाही. रीतसर चालवलेले खेळ मात्र त्याला अपवाद आहेत. आजच्या शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत तर बूट घातलेला पाय शस्त्रासमान मानला गेला आहे. म्हणजे टेकडीवर संध्याकाळी जे कौतुकाने पाहिले जाते तेच रात्री गावातल्या मद्यगृहाबाहेर घडले तर तो गंभीर गुन्हा आहे, आणि या दोहोंमध्ये उभा असतो तो पंच, त्याचा नियम आणि तो पेंढा. खेळाला ‘नियम नसलेली खरी झुंज’ म्हणून विकणारा माणूस नकळत हे संरक्षणच काढून टाकू पाहतो.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. ही परंपरा सलग नाहीच, मग जतन कशाचे करायचे? कॉट्सवोल्डचे खेळ सुरू केले ते रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलाने, १६१२ च्या सुमारास, आणि राजा पहिला जेम्स यांच्या काळात त्यांना दरबारची मर्जीही लाभली. यादवी युद्धाने ते बंद पाडले, राजेशाही परतल्यावर ते पुन्हा भरू लागले, आणि एकोणिसाव्या शतकात गर्दी, दारू व दंगा यांबद्दलच्या तक्रारी वाढत असतानाच सामाईक जमिनीची वाटणी झाल्यामुळे १८५२ नंतर त्यांना जागाच उरली नाही. पुढे १९५१ मध्ये, फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय महोत्सवाच्या निमित्ताने, ते नव्याने भरवले गेले आणि १९६० च्या दशकापासून त्यांनी बाळसे धरले. मधली शंभर वर्षे कोरी आहेत. डेव्हनची बुटांची कुस्ती तर गेली ती गेलीच. त्यामुळे आजचा खेळाडू एखाद्या अखंड गुरुपरंपरेचा वारस असल्याचा दावा कोणी केला तर तो फेटाळलाच पाहिजे.

पण करारातली व्याख्या अखंडतेची अट घालत नाही. समाज आपल्या परिस्थितीनुसार जी परंपरा पुन्हा पुन्हा घडवत राहतो तीच ती मानते. आणि तंत्राच्या बाबतीत माझा तर्क याहून पुढे जातो. कुस्तीचे तंत्र काही अंशी माणसांच्या स्मरणात असते आणि काही अंशी नियमांत. कपड्यावरची पकड, गुडघ्याखालची लाथ आणि लाथेनंतरच ग्राह्य धरली जाणारी पाड हे तीन नियम एकत्र ठेवले, की पुरेसे लोक पुरेशा वेळा खेळल्यावर तोल, वेळ आणि झटका यांचे तेच गणित पुन्हा उमगते, कारण शरीर आणि जमीन बदललेली नाही. अडचण एवढीच, की आज पुरेशा वेळा खेळलेच जात नाही. बरेचसे स्पर्धक वर्षातल्या एका संध्याकाळी गर्दीतून नाव देऊन उतरतात, त्यांतले कित्येक पहिल्यांदाच, आणि वर्षभर काहीच घडत नाही. अशाने दिसते ते लाथांचे कोडकौतुक. पकडीचे काम दिसायला दोघांनाही थोडे येत असावे लागते.

शेजारचे उदाहरण उपलब्ध आहे. कॉर्नवॉलने १९२३ मध्ये आपल्या कुस्तीसाठी संघटना स्थापन केली, १९२८ पासून फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताच्या गुरेन कुस्तीशी सामने सुरू केले, आणि त्यामुळे ती कुस्ती टिकलीच, शिवाय तिच्याकडे पाहून हसण्याची पद्धतही पडली नाही. कॉट्सवोल्डने कॉर्नवॉलची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. टेकडीवरच्या संध्याकाळची मौज, गावकऱ्यांचा सहभाग आणि कोणीही येऊन उतरण्याची मोकळीक यांवर आयोजकांचाच अधिकार आहे; बाहेरच्या शहाण्यांनी तिथे गणवेश आणि पट्टे वाटायला जाऊ नये. पण हौशांची फेरी आणि जाणत्यांची फेरी वेगळी ठेवणे, हिवाळ्यात एखाद्या सभागृहात गादीवर पडायला आणि अंगरखा धरायला शिकवणे, स्टिकलरने लाथ केव्हा ग्राह्य धरावी याचे निकष लिहून काढणे, यांपैकी कशानेही मौजेला धक्का लागत नाही. उलट पडायला न शिकलेल्या माणसाला मनगट आणि गळपट्टीचे हाड मोडण्याचा जो धोका आहे तो कमी होतो, आणि माझ्या मते तो नडगीच्या धोक्यापेक्षा मोठा आहे.

सूचीत नोंद करायची वेळ येईल तेव्हा हा खेळ लोकोत्सवाच्या रकान्यात टाकून हात झटकणे सोपे जाईल. तसे न करता त्याची नोंद ब्रिटनमधल्या इतर कुस्त्यांच्या शेजारी व्हावी, आणि नोंदीत टेकडी, पेंढा व राजाश्रय यांच्या आधी हात कुठे धरायचे, लाथ कुठवर चालते आणि पाड केव्हा मोजायची हे लिहिले जावे. सोबत दोन अनुभवी खेळाडूंच्या लढतीचे चित्रण जोडायचे असेल तर कॅमेरा जितका वेळ पायांवर ठेवायचा तितकाच खांद्यांवर ठेवावा.